भिंत पाडण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं, सोबत पाठवलेला तुझ्या कोसळणाऱ्या इमारतीच्या गेमचा डेमोही (छोटा नमुना) खेळून पाहिला. तुझा प्रश्न थेट आहे: आजच्या ग्राफिक्स कार्डांत एवढी ताकद असताना बहुतेक गेममध्ये रॉकेट मारलं तरी भिंतीवर काळा डाग पडण्यापलीकडे काही का होत नाही? उत्तरंही तूच दोन दिली आहेस, की मशिन अजून कमी पडतात किंवा मोठ्या कंपन्यांना मेहनत नको असते. मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. पुढची काही वर्षं तू याच कामात घालवणार असशील, तर ती आत्ताच डोक्यातून काढून टाक.

२००१ साली व्होलिशन या अमेरिकन स्टुडिओनं ‘रेड फॅक्शन’ काढला. मंगळावरची खाण, खाणकामगारांचं बंड आणि हातात रॉकेट लाँचर. खडकावर मारलं की खरोखर खड्डा पडायचा, त्याच खड्ड्यात मारत राहिलं की बोगदा व्हायचा. या तंत्राला त्यांनी जिओ-मॉड असं नाव दिलं होतं. हा गेम प्लेस्टेशन २ वर चालायचा आणि त्या यंत्राची मुख्य मेमरी होती ३२ मेगाबाइट. तुझ्या खिशातल्या साध्या फोनमध्ये त्याच्या शंभर पटीहून जास्त मेमरी असेल. म्हणजे खडक फोडायला लागणारी ताकद तेव्हाही होती. तरी त्या गेममध्ये कितीतरी भिंती फुटत नसत, कारण कुलूपबंद दाराच्या शेजारून बोगदा काढून खेळाडू पुढं सटकला, तर दारामागं रचून ठेवलेलं सगळं वाया गेलं असतं.

गेममधल्या जवळजवळ सगळ्या यंत्रणा भिंत जागची हलणार नाही या भरवशावर बांधलेल्या असतात. तू भिंत पाडलीस की तो भरवसा जातो, आणि ज्यांचा भिंतीशी संबंध आहे असं मनातही आलं नव्हतं त्या गोष्टी एकामागून एक बिघडू लागतात.

उजेडाचंच घे. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर पडतं, तिथून उसळून छताला हलकीशी पिवळी झाक देतं, कोपऱ्यात अंधार मऊ होत जातो. हा हिशोब दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या प्रत्येक चित्राला, करणं फार महाग पडतं, म्हणून गेम बाहेर पडण्याआधीच स्टुडिओतल्या मशिनवर तो करून घेतात आणि आलेलं उत्तर चित्रासारखं भिंतींवर, फरशीवर चिकटवून टाकतात. लाइट बेक करणं म्हणतात ते हेच. आता ती भिंत पाड. बाहेर भर दुपार आहे, खोली उन्हानं भरून जायला हवी. पण खोली अंधारीच राहते, कारण तिचा अंधार महिनाभरापूर्वीच मोजून ठेवलेला आहे. शिवाय जी भिंत आता नाही तिची सावली फरशीवर तशीच पडलेली दिसते. खेळाडूला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला त्या क्षणी कळतं.

दुसरी गोष्ट, काय काढायचं आणि काय वगळायचं. १९९६ च्या ‘क्वेक’पासून ही रीत चालत आली आहे: नकाशा तयार झाला की कुठल्या जागेवरून कुठली जागा दिसू शकते याची यादी आधीच करून ठेवायची, आणि खेळताना जे दिसणारच नाही ते काढायच्या भानगडीत पडायचं नाही. भिंतीला भगदाड पडलं की ती यादी खोटी ठरते. शत्रूंच्या चालण्याचं तसंच. ते डोळ्यांनी बघून चालत नाहीत, जमिनीवर अंथरलेल्या अदृश्य नकाशावरून चालतात. नवं भगदाड त्या नकाशात नसेल तर तुझे सैनिक समोरून उघड्या पडलेल्या खोलीला वळसा घालून दारानंच येतील. आणि मजला कोसळला असेल तर हवेत चालतील.

या प्रत्येकावर उपाय आहेत. उजेड त्या त्या क्षणी मोजता येतो, चालायचा नकाशा तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा विणता येतो. पण प्रत्येक उपाय त्याच १६.६७ मिलिसेकंदांतून आपला वाटा मागतो. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला वेळ मिळतो तेवढाच, आणि त्यात चित्र, आवाज, शत्रूंची अक्कल, नेटवर्क सगळं बसवायचं असतं. फिजिक्सच्या, म्हणजे वस्तू पडण्या-आदळण्याच्या हिशोबाच्या, वाट्याला साधारण दोन-चार मिलिसेकंद येतात. भिंत फोडणं त्यात बसतं. भिंत फुटल्यामुळं जे जे पुन्हा मोजावं लागतं ते बसत नाही.

आता तुझ्या डेमोकडे येते. तीन मजली इमारत, तळमजल्याचा एक खांब फोडला की वरचं सगळं खाली येतं. पडताना ती सुंदर दिसते, मनापासून सांगते. अडचण पडल्यानंतर सुरू होते. ढिगारा शांत होत नाही. विटा थरथरत राहतात, आणि एक मोठा स्लॅब मधेच उसळून रस्त्यापलीकडे जातो. तू लिहिलंस की घर्षण वाढवून पाहिलं, सगळ्यांचं वजन एकाच पटीत बदलून पाहिलं, फरक पडला नाही. पडणार नव्हताच.

कारण समजून घे, कारण खऱ्याखुऱ्या फिजिक्सची अर्धी रड इथंच आहे. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की इंजिन, म्हणजे हा सगळा हिशोब करणारा प्रोग्राम, त्यांना एकमेकींत घुसू न देण्यासाठी नेमका किती धक्का द्यायचा ते काढतं. ढिगाऱ्यात असे हजारो स्पर्श असतात आणि सगळे एकमेकांत गुंतलेले. सगळ्यांचं उत्तर एकदम काढायला वेळ नसतो, म्हणून इंजिन एकेक स्पर्श घेऊन सोडवतं. पहिला सोडवला, दुसरा सोडवताना पहिला थोडा बिघडला, मग पुन्हा पहिल्याकडे. अशा फेऱ्या मारत उत्तराच्या जवळ सरकायचं. एरिन कॅटो यांच्या बॉक्स२डी या इंजिनाच्या जुन्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत वेगासाठी ८ आणि जागेसाठी ३ फेऱ्या सुचवल्या होत्या. चार-पाच खोक्यांच्या उतरंडीला एवढ्या पुरतात. तीन मजल्यांच्या राडारोड्याला पुरत नाहीत. फेऱ्या संपतात, उत्तर अर्धवट राहतं आणि उरलेली चूक पुढच्या फ्रेममध्ये धक्का म्हणून बाहेर पडते. तीच तुझी थरथर.

स्लॅब का उडाला? तो खालच्या विटांपेक्षा शेकडो पट जड आहे. हलक्या वस्तूवर जड वस्तू बसणं हे या फेऱ्यांच्या पद्धतीचं सगळ्यांत दुखरं अंग. विटा त्याला पेलू शकत नाहीत, तो त्यांच्यात घुसतो, आणि घुसलेलं बाहेर काढण्यासाठी इंजिन एकदम मोठा धक्का देतं. वजनं खरी ठेवल्यामुळंच तुझा स्लॅब खोटा वागला. म्हणून या धंद्यातले अनुभवी लोक वजनांमधलं अंतर मुद्दाम कमी करतात, हललेला तुकडा क्षणभर स्थिर दिसला की त्याला झोपवून टाकतात, म्हणजे त्याचा हिशोब थांबवतात, आणि लहान तुकडे काही सेकंदांनी धुळीच्या आड गुपचूप नाहीसे करतात. इमारत कोसळताना गेममध्ये एवढी धूळ का उडते याचा विचार केलास कधी? धूळ खऱ्या आयुष्यातही उडतेच. पण गेममध्ये तिच्या आड अखंड भिंतीचं मॉडेल काढून आधीच फोडून ठेवलेलं मॉडेल बसवलं जातं.

गोळीचं उदाहरण याच जातीचं. रायफलची गोळी सेकंदाला ८०० मीटर जाते असं धर. ६० फ्रेमच्या हिशोबात ती एका फ्रेममध्ये १३ मीटरहून जास्त पुढं सरकते. या फ्रेममध्ये भिंतीच्या अलीकडे, पुढच्या फ्रेममध्ये पलीकडे. भिंतीला ती कधी शिवलीच नाही. म्हणून पुष्कळ गेममध्ये गोळी नसतेच. बंदुकीच्या नळीपासून एक सरळ रेघ टाकतात आणि ती कुठं लागते ते बघतात. खेळाडूला ते खरं वाटतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

भिंतीच्या आतल्या बाजूबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून सांगते. साध्या गेममध्ये भिंतीला आत असं काही नसतं. ती वरवरचा पापुद्रा असते. फुटणाऱ्या भिंतीला मात्र पोट लागतं: वीट, सिमेंट, सळई, वायरची नळी. मधून तोडली तर कसं दिसेल, कोपऱ्यातून तोडली तर कसं, हे कोणीतरी बसून बनवायचं असतं. लाकूड फुटल्याचा आवाज वेगळा, काच फुटल्याचा वेगळा, आणि दोन्ही एकाच वेळी ऐकू आले की तिसराच. मोडतोड हे प्रोग्रामरचं काम आहे असं कॉलेजमध्ये वाटतं. स्टुडिओत तिचं सगळ्यांत मोठं बिल चित्र आणि आवाज करणाऱ्यांच्या टेबलावर येतं.

व्होलिशननंच २००९ साली ‘रेड फॅक्शन: गुरिला’ काढला. माझ्या लेखी या विषयातला तो सगळ्यांत धाडसी गेम आहे. इमारतीच्या कुठल्या भागावर किती भार येतो याचा हिशोब खेळ चालू असताना व्हायचा, आणि आधार कमी पडला की वरचा भाग कोसळायचा. काम सुरू झालं तेव्हा कलाकारांनी नेहमीच्या सवयीनं, दिसायला छान अशा इमारती बनवल्या. त्या आपल्याच वजनानं पडायला लागल्या. त्या मंडळींना खांब कुठं द्यायचे, तुळई कुठून कुठं न्यायची हे शिकावं लागलं, तेव्हा कुठं इमारती उभ्या राहिल्या. पण याच गेममध्ये त्यांनी एक गोष्ट सोडूनही दिली: जमीन. आठ वर्षांपूर्वी ज्या मालिकेत खडकात बोगदे निघत होते, तिथं आता जमिनीला ओरखडा उठत नव्हता. इमारत खरी करायची तर जमीन अभंग ठेवायची, असा तो सौदा होता. मला तो सौदा फार शहाणपणाचा वाटतो.

तुला हा खेळ ऑनलाइन, दहा-दहा जणांच्या दोन संघांत हवा आहे. एक हिशोब कागदावर करून बघ. तुझी इमारत पडली की ५,००० तुकडे होतात. एका तुकड्याची जागा सांगायला १२ बाइट, तो कसा वळलाय ते सांगायला १६. सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर एका खेळाडूला दर सेकंदाला ८४ लाख बाइट. यात काटछाट पुष्कळ करता येते, मान्य. पण खेळाडू वीस आहेत, आणि इमारतही एकच राहणार नाही.

मग तुकडे पाठवायचेच नाहीत, फक्त ‘इथं स्फोट झाला’ एवढंच सांगायचं आणि प्रत्येकाच्या मशिननं आपापलं मोजायचं, असं मनात येतं. पण दोन वेगळ्या प्रोसेसरांवर दशांशाच्या शेवटच्या घरात जरासा फरक पडला, की टकरींमागून टकरी होत तो फरक वाढत जातो. तुझ्याकडे स्लॅब दाराशी आडवा पडलेला आणि माझ्याकडे दार मोकळं. मी आत शिरते आणि तू मला भिंतीतून चालताना बघतोस. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये ‘क्रॅकडाउन ३’ दाखवला तेव्हा अख्खं शहर कोसळताना दिसत होतं, हिशोब दूरच्या सर्व्हरांवर वाटून दिलेला. २०१९ मध्ये गेम आला तेव्हा ती पडझड एका वेगळ्या ऑनलाइन प्रकारापुरती उरली होती. मुख्य कथेत ती नव्हती. ‘द फायनल्स’नं २०२३ मध्ये इमारती कोसळण्याचा हिशोब सर्व्हरवर ठेवला आणि ते निभावून नेलं. पण तो गेम छोट्या रिंगणातला, छोट्या फेऱ्यांचा आहे, आणि फेरी संपली की सगळं पुन्हा उभं. एम्बार्क हा तो स्टुडिओ उभारणाऱ्यांत ‘बॅटलफील्ड’ या युद्धाच्या गेमवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं होती, हेही विसरू नकोस.

मी तुला निराश करायला हे लिहीत नाही. ज्यांना हे साधलं त्यांनी काय केलं ते नीट बघ. ‘रेनबो सिक्स सीज’ २०१५ च्या डिसेंबरमध्ये आला आणि आजही खेळला जातो. त्यात सगळं फुटत नाही. बाहेरच्या बऱ्याच जाड भिंती अभंग, आतल्या पुष्कळ पातळ भिंती फुटणाऱ्या, जमिनीतल्या तुळया तशाच राहतात आणि त्यांच्या फटींतून खालच्या मजल्यावर नेम धरता येतो. बचाव करणारे फुटणाऱ्या भिंतींना धातूचे पत्रे ठोकून त्या पक्क्या करतात. कुठली भिंत पक्की करायची आणि कुठली फुटू द्यायची यावर अख्खी फेरी ठरते. गोळीनं पडलेलं बोटाएवढं छिद्रसुद्धा कामाचं, कारण त्यातून दिसतं. फुटणं हाच खेळ आहे, म्हणून बाकी सगळ्या यंत्रणांना त्याच्यासाठी जागा करून दिली गेली.

आणि ‘टीअरडाउन’. स्वीडनच्या डेनिस गुस्ताफसन यांनी त्याचं इंजिन स्वतः लिहिलं. सगळं जग दहा-दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्यांचं. उजेड आधी बेक केलेला नाही, त्याच ठोकळ्यांतून किरण टाकून त्या क्षणी काढलेला, म्हणून भिंत पडली की ऊन खरोखर आत येतं. माणसं जवळजवळ नाहीतच, म्हणून चालायच्या नकाशाचा प्रश्न आटोक्यात राहतो. आणि खेळ असा रचलाय की आधी हवा तेवढा वेळ घेऊन भिंती पाडायच्या, वाट तयार करायची, आणि पहिला अलार्म वाजला की ६० सेकंदांत सगळं उचलून पळायचं. खेळाडू दारातून न जाता भिंतीतून गेला तर डिझायनरचं काही बिघडत नाही. त्यानं तेच करावं अशी अपेक्षा आहे.

एक गोष्ट मात्र त्यात मुळीच खरी नाही, आणि तू ती जाऊन बघावीस असं मला वाटतं. ‘टीअरडाउन’मध्ये अख्खं घर एका ठोकळ्यावर अडकून उभं राहू शकतं. भाराचा हिशोबच नाही. ‘गुरिला’नं ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते गुस्ताफसन यांनी सोडून दिलं, आणि खेळाडूंचं त्यावाचून काही अडलं नाही. ‘माइनक्राफ्ट’मध्ये बुंधा तोडला तरी झाडाचा शेंडा हवेत राहतो आणि ते तर शाळेतल्या मुलांनीही मान्य केलंय. खरेपणा कुठं खर्च करायचा आणि कुठं वाचवायचा, हे ठरवण्यात या माणसांचं खरं कौशल्य आहे. तुला शिकायचं असेल तर ते शीक.

आता तुझ्या गेमबद्दल. शहर सोडून दे. एक इमारत घे आणि ऑनलाइन खेळाचा विचार सध्या बाजूला ठेव. आधी काय फुटणार नाही ते ठरव आणि ते लिहून भिंतीवर लाव: पाया, जिना, बाहेरचा रस्ता, जे काही असेल ते. मग भिंत फुटल्यानं खेळाडूला असं काय मिळतं जे दारातून जाऊन मिळत नाही, याचं उत्तर शोध. ते सापडत नसेल तर तुझ्याकडे अजून गेम नाही, फक्त सुंदर पडणारी इमारत आहे. उजेड पहिल्या दिवसापासून त्या क्षणी मोजलेलाच वापर, मग तो साधा दिसला तरी चालेल. शेवटी सुंदर करू म्हणून बेक केलास तर परतीची वाट राहत नाही.

बॉक्स२डीचा कोड वाच, तो सगळ्यांसाठी खुला आहे आणि स्वच्छ लिहिलेला आहे. त्रिमितीसाठी योरिट रौवे यांचं जोल्ट हे इंजिन बघ. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ त्याच्यावर चालतो आणि तेही फुकट वाचायला मिळतं. दोन्हींत वस्तू कधी झोपवायची आणि कधी जागी करायची, हा भाग आधी वाच.

आणि एक काम कॉम्प्युटर बंद करून कर. तुझ्या पुण्यात सध्या गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. जुनी सोसायटी पाडत असतील तिथं पत्र्याच्या कुंपणाबाहेर सुरक्षित अंतरावर अर्धा तास उभा राहा. पोकलेन कुठून सुरुवात करतो ते बघ. स्लॅबला तडा गेला तरी तो लगेच पडत नाही. काँक्रीट गळून जातं आणि आतल्या सळया उरलेला भाग धरून ठेवतात, तो वाकतो, लोंबतो, आणि मग केव्हातरी खाली येतो. तुझ्या डेमोत तुकडे बिस्किटासारखे कडकन वेगळे होतात. सळई दाखवायला प्रत्येक तुकड्याला खरी सळई जोडायची गरज नाही. दोन तुकड्यांमध्ये थोडं वाकू देणारा आणि ठरावीक ताणाला तुटणारा जोड दिलास तरी त्या लोंबण्याचा भास होईल, आणि इमारत पडायला दोन सेकंद जास्त घेईल. त्या दोन सेकंदांत खेळाडूला पळता येईल की नाही, इथून तुझा गेम सुरू होऊ शकतो.

पुढचा डेमो पाठवशील तेव्हा सोबत प्रोफायलरचे, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या साधनाचे, तीन आलेख पाठव: इमारत उभी असतानाचा, कोसळतानाचा, आणि ढिगारा पडून दहा सेकंद झाल्यानंतरचा. दुसऱ्यात फिजिक्सची रेघ वर गेली तर घाबरू नकोस. तिसऱ्यात ती शून्याजवळ आली नसेल, तर नवीन काहीही जोडण्याआधी तेवढं दुरुस्त कर आणि मग पाठव. स्लॅबचं वजन किती कमी केलंस तेही कळव.

तुझी,
ताई